टोमॅटोच्या वावरातला तो पट्टा

मे सरत आला की चांदवडच्या पूर्वेकडच्या माळावर पश्चिमेचा वारा दिवसभर थांबत नाही. नांगरून पडलेल्या वावरांतून फुफाटा उठतो, तोंडावरचा रुमाल सोडायची सोय नसते. मी या भागात कृषी सहायक आहे. अशाच एका सकाळी तात्यांचा फोन आला. "मॅडम, टोमॅटोवर करपा पडलाय. औषध सांगायला तेवढ्या येऊन जा."

लागवड ताजी होती, मल्चिंग (गादीवाफ्यावर अंथरलेला प्लास्टिकचा कागद) आणि ठिबकवरची. पश्चिमेच्या बांधावर तात्यांनीच लावलेली सुरूच्या झाडांची ओळ, वीसेक फूट उंचीची. तिच्या आडोशाची रोपं टवटवीत होती. पण ट्रॅक्टरसाठी ओळीत जी वाट सोडली होती, तिच्या बरोबर समोरून एक पट्टा वावरात घुसला होता आणि पुढे रुंद होत गेला होता. तेवढ्या पट्ट्यातलीच रोपं माना टाकून, पानांच्या कडा भाजल्यासारख्या. रोग असा सरळ रेषेत चालत नाही.

मी खाली बसले. करप्याच्या ठिपक्यात वर्तुळं दिसतात, इथे एकही नव्हतं. खोडावरून बोट फिरवलं तर पश्चिमेची बाजू खरखरीत, तपकिरी, किसणीवर घासल्यासारखी. पूर्वेची मात्र गुळगुळीत हिरवी. जखम जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीपर्यंत. पुढच्या रोपाला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मल्चिंगवर बारीक रेतीचा थर साचला होता.

वाऱ्याने उचललेली अगदी बारीक माती धूळ होऊन दूर निघून जाते. एक दशांश ते अर्धा मिलिमीटरचे कण मात्र जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात आणि कोवळ्या खोडाला सोलून काढतात. वाऱ्याने होणाऱ्या धुपीतली बरीचशी माती अशीच, फूटभर उंचीच्या आत वाहते.

तात्या वैतागले. "मग ही सुरू कशाला पोसली? पहिल्या दोन सऱ्या तर हिच्या मुळ्याच खातात. तोडूनच टाकतो."

मल्चिंगची एक फाटकी पट्टी मी काठीला बांधली. सुरूमागे ती नुसती हलत होती, वाटेच्या तोंडाशी फडफडून आडवी झाली. ओळीने अडवलेला वारा फट सापडली की तिथूनच घुसतो, आणि मोकळ्या माळापेक्षा जास्त जोराने. तात्या बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिले.

त्यांचा मुलगा म्हणाला, "वाटेवर पत्रे ठोकू." अनेकांना हेच सुचतं. पण भरीव आडोशावरून वारा उसळतो आणि मागे भोवरे घालत खाली आपटतो. निम्मा वारा गाळून सोडणारी झाडोऱ्याची ओळ त्यापेक्षा कितीतरी चांगली. उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तिचा चांगला आधार मिळतो. म्हणजे तात्यांच्या सुरूमागे दोनशे फूट. एवढी जमीन सांभाळणारी झाडं तोडायची?

मग तिथेच ठरवलं. वाट सरळ न ठेवता बांधातून तिरकी काढायची. तिच्या तोंडासमोर, आतल्या बाजूला शेवरीची आखूड ओळ, दोन्हीकडे सुरूच्या ओळीला मागून झाकेल एवढी. सुरू वाढली तशी बुडाशी उघडी पडली होती आणि रेती नेमकी तिथूनच येत होती. म्हणून बाहेरच्या अंगाला घायपात आणि करवंद, मधल्या जागेत गिरिपुष्प. मुळ्यांसाठी सुरू आणि पिकाच्या मध्ये दोन-तीन फूट खोल चर. झाडं वाढेपर्यंत वाटेच्या तोंडाशी पन्नास टक्क्यांची शेडनेट. लागवड मृगाचा पाऊस मुरल्यावर. औषध मी एकही लिहून दिलं नाही. सोललेल्या रोपांच्या जागी नांगे भरायला, म्हणजे नवी रोपं लावायला सांगितलं.

एक गोष्ट अजून अडली आहे. ओळ तिच्या उंचीच्या निदान दहापट लांब हवी, नाहीतर वारा टोकांना वळसा घालून आत येतो. तात्यांच्या बांधाची लांबी तेवढी भरत नाही, पुढचा बांध चुलतभावाचा. रेती येते तीही त्याच्याच नांगरटीतून. "झाडांच्या सावलीने माझा कांदा बसेल," असं तो म्हणतो. सावली दिवसभरात कुठवर सरकते ते त्याच्या वावरात उभं राहून त्याला दाखवायचं आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.