डावा कान

ऐकायच्या मशीनसाठी कानाचा साचा घ्यायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्या दिवशी एका डाव्या कानाला मला पाऊण तास लागला. बाहेर ताटकळलेल्या चार पेशंटांनी बोल लावले ते लावलेच, पण त्याचं काही वाटत नाही. मनात राहिलंय ते वेगळंच.

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारा, इंग्लंडात लँकेशायरमधल्या एका सरकारी इस्पितळात. लोकांना वाटतं आम्ही मशीन लावून देतो की झालं. अर्धा दिवस कानातला मळ बघण्यात जातो. उरलेल्या अर्ध्यात, बायको पुटपुटते अशी तक्रार घेऊन आलेल्या नवऱ्यांना ती पुटपुटत नाही हे पटवून द्यायचं.

या गृहस्थांना आत बोलवायला मी दार उघडलं, तर बाहेर गलका. सत्तरीच्या एक बाई हातातली पर्स रोखून त्यांच्यासमोर उभ्या. "हाच तो! केस ओढायचा, रेफ्रीची पाठ वळली की गुद्दे मारायचा!"

इथल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, शनिवारी दुपारी चार वाजता घरात काय चालायचं. आयटीव्हीवर कुस्ती. 1955 साली सुरू झालेली ती कुस्ती 1988 साली चॅनेलनं बंद केली, त्याचा राग अजून गेलेला नाही. फुटबॉलचे निकाल यायच्या आधीचा तो तास आज्यांचा. एरवी तोंडातून वावगा शब्द न काढणाऱ्या आज्या टीव्हीवर चप्पल फेकायच्या, म्हणे. केंट वॉल्टनची शांत कॉमेंट्री. बिग डॅडीचं खरं नाव शर्ली, म्हणजे चक्क बाईचं. जायंट हेस्टॅक्स हा माणूस की डोंगर. केंडो नागासाकीनं 1977 साली वुल्व्हरहॅम्प्टनला रीतसर समारंभ करून मुखवटा उतरवला, तो किस्सा मी किमान वीस पेशंटांकडून ऐकलाय. आणि मिक मॅकमॅनस. तो खलनायक, पण त्याच्या कानाला कुणी हात लावला की कळवळून ओरडायचा, "कान नको, कान नको!" माझ्या खोलीत खुर्चीवर बसणारा दर तिसरा म्हातारा मला हाच विनोद ऐकवतो. मी दर वेळी हसतो.

आमचे गृहस्थ दुसऱ्या फळीतले खलनायक. टीव्हीवर मोजक्या वेळा, बाकी सगळं आयुष्य टाउन हॉल आणि समुद्रकाठच्या थिएटरांत. त्या बाई काय म्हणतायत ते त्यांना ऐकूच येईना. तीनदा "काय? काय?" झाल्यावर मी मध्ये पडलो आणि कानाशी वाकून सांगितलं, "या तुमच्यावर चिडल्यात." चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "कुठं बघितलंत? ब्लॅकपूलला? मग तेव्हा पर्स मारलीत की नाही?" बाईंनी पर्स त्यांच्या दंडावर हाणली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आत आल्यावर मी कान बघितले आणि गप्प झालो. असे कान मी शेवटचे कोल्हापुरात बघितले होते. लहानपणी आजोबा खासबागेत कुस्त्यांना न्यायचे. म्हणायचे, पैलवानाचे दंड नंतर बघायचे, आधी कान. रगड्यात कान चेपतो, कातडी आणि कूर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, यांच्या मध्ये रक्त साकळतं, कूर्चा मरते आणि तिथं कडक गाठ धरते. हे कान स्टुडिओत होत नाहीत. विचारलं तर म्हणाले, बिली रायलीची तालीम. विगनमधली ती जागा, जिला 'स्नेक पिट' म्हणतात. पुढं जपानपर्यंत नाव काढलेला बिली रॉबिन्सन तिथलाच. खाणीतून वर यायचं आणि थेट तिथं जायचं. वस्ताद म्हणेपर्यंत सोडायचं नाही.

आता कामाचं. आमच्याच विभागातल्या एकानं आधीच्या महिन्यात त्यांची तपासणी केली होती. नेहमीचे हेडफोन लावून. अशा गाठाळ कानावर हेडफोनची गादी बसतच नाही, फटीतून जाडे आवाज गळतात. त्यामुळे 250 हर्ट्झला नसलेला बहिरेपणा कागदावर उमटला. कानामागच्या हाडातून आवाज पोचवतात त्या तपासणीत तोच आवाज व्यवस्थित ऐकू येत होता, म्हणजे मधल्या कानात काहीतरी बिघाड आहे असं ठरवून स्वारी त्यांना सर्जनकडे पाठवायला निघाली होती. एकदा कानाकडे बघायचं तरी! मी स्पंजच्या नळ्या कानात घालून पुन्हा तपासणी केली. जाडे आवाज ठणठणीत. 4000 हर्ट्झला आलेखात खोल खड्डा, तो खाणीतल्या गोंगाटाचा. बाकी वयाचं.

मग साचा. कानाच्या वाटीत जागाच उरलेली नव्हती, वाटी गाठीनं भरलेली. म्हणजे मोल्ड, साच्यावरून बनणारा मशीनचा कानातला भाग, धरून ठेवणार कोण? मी आत स्पंजची गोळी नेहमीपेक्षा खोल सरकवली, दोऱ्यानं तपासली, सिलिकॉन भरलं. पहिला साचा फाटला, दुसऱ्यात हवेचा बुडबुडा. तिसऱ्याला त्यांना तोंड उघडं ठेवायला लावलं, कारण जबडा हलला की कानाची नळी हलते, आणि तिथंच पुढं मशीनची शिट्टी वाजायला लागते. लॅबसाठी लिहून ठेवलं: वरचं शिंग नको, नळी लांब, मऊ सिलिकॉन, आणि काढायला दोरी, कारण त्यांची बोटंही वाकडी झालेली.

तिसरा साचा घट्ट व्हायला पाच मिनिटं. डावा कान बुजलेला, उजवा तसाही कामातून गेलेला. म्हणजे बोलायचं तर ओरडून. गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

मी ओरडून विचारलं, "सगळं आधीच ठरलेलं असायचं, नाही का?"

इंग्रजीत तो प्रश्न इतका हलका निघाला! 1985 साली जॅकी पॅलो या टीव्हीवरच्याच कुस्तीगिरानं स्वतःच्या पुस्तकात गुपित फोडलं, त्यालाही चाळीस वर्षं होत आली. मला वाटलं, आता हसून दोन किस्से सांगतील. पण खासबागेच्या बाहेर चहा पिणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या पैलवानाला मी "तुमची ती नुरा कुस्ती होती का हो?" असं मराठीत विचारलं असतं का? आजोबांनी तिथंच कानाखाली वाजवली असती.

तपासणीची खोली आवाजबंद असते. साच्याची नसते.

त्यांनी वाकड्या बोटानं सिलिकॉन चाचपलं. "झालं का?" एवढंच. साचा निघाला, स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. त्यांनी कोट घातला. बाहेर त्या बाई फोनमध्ये बघत होत्या. हे थांबले नाहीत, त्यांनीही मान वर केली नाही. माझा प्रश्न त्यांच्यापर्यंत गेला होता की त्या खरंच फोनमध्ये होत्या, हे मला कळायला मार्ग नाही.

मशीन लावायच्या तारखेला ते आले नाहीत. आमच्याकडे दोनदा गैरहजर राहिलं की नाव कमी करतात. नियम करणाऱ्यांनी बहिऱ्या माणसाला फोनवर तारीख कळवून बघावी एकदा. मी घरी फोन केला. बायकोनं उचलला. मागं टीव्ही मोठ्यानं चालू होता. ती अवघडून म्हणाली, "येतील हो ते. फक्त आधीच्या त्या पोराकडे द्या, असं म्हणतायत."

आधीचा पोरगा म्हणजे हेडफोनवाला.

दिलं त्याच्याकडे. मोल्डच्या डबीवर चिठ्ठी लावली: आधी मागं ओढ, मग वर फिरव, जोर लावू नकोस. ते आले तेव्हा मी फायली काढायच्या निमित्तानं कॉरिडॉरमध्ये उभा होतो. आत तो काहीतरी सांगत होता, नेहमीसारखं भरभर. त्यांनी उत्तर दिलं, न ओरडता, साध्या आवाजात. मी शिट्टीची वाट बघत राहिलो. वाजली नाही.