विशारद झालीय, मग बी.ए.ला आणखी काय लागतं?

बारावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझा फोन एकाच प्रश्नासाठी वाजत असतो. "मॅडम, मुलगी गाण्याच्या परीक्षांत विशारद पूर्ण आहे. संगीतात बी.ए. करायचं म्हणते. तिला आणखी काय काय करावं लागेल? एखाद्या वर्षाची सूट मिळते का?" फोनवर घाईत सांगितलेलं अपुरं राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बसून लिहिते.

सूट मिळेल हे धरून चालू नका. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत त्याच्या सात परीक्षा होतात. मीही त्याच वाटेनं आले, आणि गावोगावच्या क्लासमधून शास्त्रीय संगीत घराघरांत पोचलं ते या परीक्षांमुळे, असं मी मानते. पण पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्यानं विद्यापीठांना आणि कायद्यानंच तसा हक्क दिलेल्या संस्थांना आहे. त्यामुळे बी.ए. पहिल्या वर्षापासूनच करायचं. विशारदचा उपयोग होतो तो प्रवेशाच्या वेळी गाऊन दाखवताना, आणि पुढे काही ठिकाणी एम.ए.च्या प्रवेशाला.

आता क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पालकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळीच. थिअरीच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास धरतात, प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे चार क्रेडिटचं गायन १२० तासांचं झालं, पंधरा आठवड्यांच्या सत्रात दर आठवड्याला आठ तास. घरचा रियाज यात आलेलाच नाही. "गाण्याचं बी.ए. तसं हलकं असतं ना, बरोबर दुसरं काही करता येईल," असं कुणी म्हणालं की मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवते.

मुलं अडकतात ती इथेच. ज्याचा गळा चांगला, त्याला गणपतीत कार्यक्रम, नवरात्रात कार्यक्रम, मग दिवाळी पहाटच्या तालमी. सत्र संपत येतं तेव्हा ७५ टक्के हजेरी भरत नाही. कार्यक्रम करू नयेत असं मी कधीच म्हणणार नाही, माणसांसमोर गायल्याशिवाय गाणं पिकत नाही. पण जून महिन्यातच वर्षाचं कॅलेंडर घेऊन बसा आणि किती तारखा स्वीकारायच्या ते ठरवा.

दुसरी अडचण इतर विषयांची. माझ्या एका विद्यार्थ्याचा यमन राग ऐकून बाहेरून आलेले परीक्षक वही मिटून नुसते ऐकत राहिले होते. त्याची पदवी दोन वर्षं अडली ती दुसऱ्या वर्षाच्या पर्यावरणाच्या पेपरमुळे. केटी, म्हणजे नापास झालेला पेपर पुन्हा देणं, राहिली होती आणि फॉर्म भरायची तारीख दोनदा हुकली. मार्कलिस्ट हातात घेऊन तो व्हरांड्यात उभा होता, ते मला अजून दिसतं. सक्तीचे पेपर त्या त्या सत्रात काढून टाका, एवढी हात जोडून विनंती.

आणि मग शेवटचं प्रात्यक्षिक. बडा ख्याल, छोटा ख्याल, हातावर ताल देऊन दुगुन-चौगुन म्हणजे दुप्पट-चौपट लय, हे सगळे तयार करून येतात. खरी कसोटी जवळच्या रागांची. मारवा, पूरिया, सोहनी. तिन्हींत पंचम (प) नाही, तिन्हींत रिषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र. मारव्यात रिषभ-धैवतावर (रे-ध) ठिय्या, पूरिया गंधार-निषादाला (ग-नी) धरून मंद्रात, खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वरच्या षड्जाकडे (सा) धावते. वहीत हा फरक सगळ्यांनी लिहिलेला असतो. "पूरिया गाता गाता मारव्यात न जाता थांबून दाखव," म्हटलं की भले भले गडबडतात.

माझ्या स्वतःच्या शेवटच्या परीक्षेत परीक्षकांनी आधी गायलाच लावलं नाही. समोरच्या तंबोऱ्याच्या चारही तारा उतरवल्या आणि म्हणाले, "लाव." माझी पट्टी, म्हणजे गायचा 'सा', काळी चार. जोड म्हणजे मधल्या दोन तारा मिळवल्या, खर्ज म्हणजे खालच्या 'सा'ची तार लावली, पंचम सारखा उतरत होता, खुंटी धरेना. तारांतले बारीक सूर मिळवायचे मणी सरकवले. तारा मिळाल्या, पण आवाज बोथटच येत होता. तेव्हा घोडीवरचं सूत तारेखाली अगदी केसभर पुढे घेतलं आणि एकदम जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, खुलली. खोलीतला पंखा बंद करायला सांगून परीक्षक म्हणाले, "आता खर्ज छेड. गंधार ऐकू येतो का?" खर्जाच्या एकट्या तारेतून, कुणी न लावलेला गंधार, स्पष्ट. यात वीस मिनिटं गेली. गाणं त्यांनी दहाच मिनिटं ऐकलं.

म्हणून मी वर्गात मोबाइलवरचा तंबोरा लावू देत नाही. प्रवासात तो सोयीचा आहे, मीही वापरते. पण तो आधीच लागलेला असतो, आणि लावताना कान जे शिकतो ते त्यात राहून जातं. ऐपत असेल तर मिरजेला जा, तिथल्या कारागिरांकडे मुलीला समोर बसवून तिच्या पट्टीचा तंबोरा निवडा. नसेल तर कॉलेजचा तंबोरा तासाच्या आधी अर्धा तास मागून घ्यायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

यंदा फोन कराल तेव्हा विशारदची श्रेणी मला नंतर सांगा. घरी तंबोरा आहे का आणि तो कोण लावतं, हे मी आधी विचारणार आहे.