शेड सेल अपडेट 4: वळवानं अँकर उपटला

तर मंडळी, आपलं शेड सेल म्हणजे घर ते कंपाउंड तीन तारांवर सावलीसाठी ताणलेलं कापड. मागच्या अपडेटमध्ये मी लै ऐटीत लिहिलेलं की तिन्ही तारा तंबोऱ्यासारख्या ताणल्यात, बोट मारलं की टण्ण वाजतात. रविवारी संध्याकाळी वळीव आला आणि तो टण्ण अख्ख्या गल्लीनं ऐकला. कंपाउंडच्या भिंतीतला मधला अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) अर्धी वीट घेऊन बाहेर आला आणि टर्नबकल, म्हणजे तार आवळायचा स्क्रू, थेट आईच्या तुळशीच्या कुंडीवर. तुळस वाचली, कुंडी गेली, आई अजून नीट बोलत नाही.

पहिला संशय कापडावर. पण 340 जीएसएमचं (चौरस मीटरला 340 ग्रॅम) विणीचं एचडीपीई प्लास्टिक, एक टाका उसवला नाही, हे मात्र मान्य करायला पाहिजे. बाबा म्हणत होते तशी ताडपत्री टाकली असती तर सगळं वारं अंगावर घेऊन भिंतच गेली असती, कापडातनं निदान थोडं वारं पास होतं. भिंत साडेचार इंची विटेची, फास्टनर काँक्रीटसाठी बनवलेला, विटेत तो फुगला की वीटच फुटते. दुकानदार म्हणालेला "काय होत न्हाई साहेब". त्याच्याच सेटमधल्या "एसएस" (स्टेनलेस स्टील) शॅकलला, म्हणजे तार अडकवायच्या कडीला, चुंबक टक्कन चिकटलं आणि आता गंजायला लागलाय, म्हणजे बघा.

पण फास्टनरवरच खापर फोडून झोप येईना, म्हणून वही काढली. वाऱ्याचा दाब म्हणजे 0.6 गुणिले वेगाचा वर्ग (वेग सेकंदाला मीटरमध्ये, उत्तर न्यूटनमध्ये, साधारण दहानं भागलं की किलो), ताशी 50 किमीच्या वाऱ्याला चौरस मीटरमागं साधारण 12 किलो. आपलं 12 बाय 15 फूट म्हणजे जवळजवळ 17 चौरस मीटर, झाले 200 किलो, त्यातला निम्मा भार मधल्या तारेवर. आणि वेग दुप्पट झाला की भार चौपट. इथवर ठीक होतं. खरी गंमत पुढं. 15 फुटाच्या तारेवर 100 किलो आणि झोल फक्त 5 सेंमी असेल तर टोकाला ओढ येते 1100 किलोच्या वर! तोच झोल 30 सेंमी ठेवला तर 190. म्हणजे मी दर रविवारी पाना घेऊन टर्नबकल अजून दोन फेरे आवळत होतो आणि स्वतःच्या हातानं भिंत उपटत होतो. वही मिटून दहा मिनिटं नुसता बसलो.

आता तारा सैल. घराकडची टोकं बीममध्येच आहेत, ती हलली नाहीत. कंपाउंडकडं भिंतीचा नाद सोडला, 3 इंची पाइपचे खांब आतल्या बाजूला, काँक्रीटमध्ये गाडून, थोडे बाहेर कललेले. उद्यमनगरात, म्हणजे वर्कशॉपच्या भागात, बेस प्लेट आणि हुक करून देतो म्हणालाय एकजण, त्याचं वेल्डिंग बघितलंय, बेस्ट आहे.

एक गोष्ट मस्त जमली. मधल्या तारेवर प्लास्टिकचे हुक काढून छोट्या नायलॉन पुल्या लावल्या, दोरी ओढली की कापड घड्या घालत सर्रकन येतं. आधी मी आणि भाऊ चार मिनिटं झटापट करायचो, आता एकट्यानं 20 सेकंद. वळवाची धूळ दोन घरांच्या बोळात शिरेपर्यंत एवढा वेळ मिळतोच.

आणि हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की तीन तारा हव्यात कशाला? होडीच्या शिडासारखं त्रिकोणी कापड, एका पाइपवर गुंडाळणारं, एकच दोरी. सावली निम्मी पण भारही निम्मा, आणि ऊन आपल्याला नडतं ते चारनंतर पश्चिमेचंच. मग खांबही तीनऐवजी एकच लागेल. थांबा, उद्यमनगरात फोन करून खांबांची ऑर्डर थांबवतो आधी, परवा कापणार होता तो.

जून ते सप्टेंबर कापड तसंही माळ्यावरच जाणार, त्यामुळं घाई नाही. त्याआधी कुंभार गल्लीतनं कुंडी आणायची आहे, मोठी.