गोड्डोचा चिखल आणि आबांचा प्रश्न

परवा आबांचा फोन आला तेव्हा मी गोठवलेला चिखल वितळायची वाट बघत बसले होते. "दगडं सोडून आता चिखल का?" म्हणाले. मग त्यांना सगळं सांगत बसले.

हा चिखल पश्चिम नॉर्वेतल्या बोम्लो बेटावरच्या गोड्डो भ्रंशातला. भ्रंश म्हणजे खडकाला गेलेली अशी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवर सरकतात. दोन्ही बाजूंचा कठीण खडक एकमेकांवर घासून मधल्या फटीत त्याचं पार पीठ झालंय. हिरवट-करडं. बोटांत चोळलं की साबणासारखं बुळबुळतं आणि मधेच एखादा कण कचकन टोचतो. टोचतो तो जुन्या खडकाचा. बुळबुळीत आहे तो इलाइट, मातीचं एक खनिज, भ्रंश सरकल्यावर फटीत शिरलेल्या गरम पाण्यातून तिथंच जन्मलेला. त्यातल्या पोटॅशियम-४० च्या काही भागाचा अगदी सावकाश आर्गॉन वायू होत जातो. निम्मं पोटॅशियम-४० सरायला १२५ कोटी वर्षं लागतात. किती आर्गॉन साठलाय ते मोजलं की इलाइटचा जन्म कळतो.

पण हा चिखल खलबत्त्यात कुटायचा नाही. कुटला तर जुन्या खडकातला अभ्रकही तितकाच बारीक होतो आणि वय खोटं वाढतं. म्हणून रात्री गोठवायचा, सकाळी वितळवायचा, पुन्हा गोठवायचा. बर्फ फुगतो आणि कण आपोआप सुटे होतात. मग पाण्यात निवळू द्यायचा. आजी पावसाळ्यात गढूळ पाणी घागरीत निवळायला ठेवायची, तसंच. तिला वरचं नितळ पाणी हवं असायचं. मला हवी असते ती तळाशी न बसणारी गढूळ धूळ, ०.१ मायक्रॉनहून बारीक. बहुतेक वेळा तीच सगळ्यात तरुण निघते.

गोड्डोवरचं काम भूवैज्ञानिक जुलिओ व्हिओला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. हा भ्रंश पर्मियन काळात, म्हणजे २५ कोटी वर्षांच्याही आधी सरकला. पुढे ज्युरासिक काळात पुन्हा हलला. त्याही नंतरच्या क्रिटेशस काळाच्या सुरुवातीला गरम पाण्यानं त्यात नवी माती घडवली. फट तीच.

"म्हणजे एकदा तडकलेलं पुन्हा तिथंच तडकतं," आबा म्हणाले आणि गप्प झाले.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे ३:५६ ला आमचं माळवद खाली आलं. दगडी भिंती, वर हातभर मातीचा थर. मी सात वर्षांची होते. आजी त्याखालून निघाली नाही. त्या वेळी भूकंपाच्या नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

"आपल्या गावाखालचा भ्रंश किती जुना?" आबांनी विचारलं.

इलाइट कोट्यवधी वर्षांचं सांगतो, कालपरवाचं नाही. अलीकडच्या हालचालींसाठी क्वार्ट्झमध्ये अडकलेले इलेक्ट्रॉन मोजतात. केरळात देशमंगलमच्या भ्रंशाचं वय तसंच काढलं, चार लाख वर्षांहून थोडं जास्त. आपल्याकडे आधी काळ्या खडकाचा, बेसॉल्टचा अडथळा. किल्लारीला भोक पाडलं तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर तळाचा जुना खडक गाठता आला.

"गाठला ना? मग त्यालाच विचारा की," आबा म्हणाले.

विचारायचंच आहे, आबा.

एव्हाना चिखल वितळला होता. डबा नीट हलवून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवला. आज सातवी खेप.