ठाण्याच्या सागाची मूठ

फिनलंडमध्ये चाकू म्हटलं की कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. कमरेला लटकणाऱ्या त्या छोट्या चाकूला 'पुक्को' म्हणतात. मासे साफ करायला, काटक्या तासायला, रानातले मश्रूम कापायला तोच. शाळकरी पोरांनाही तो नीट धरायला शिकवतात. मात्र २००३ च्या कायद्याने योग्य कारणाशिवाय तो सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी आहे. जंगलात निघालात तर चालतो, दारू प्यायला निघालात तर नाही.

मी राहतो त्या ताम्पेरेत हिवाळ्यात तीन-साडेतीनलाच अंधारतं. घरी बसून माणूस करणार काय? म्हणून संध्याकाळचे वर्ग जोरात चालतात, विणकामापासून सुतारकामापर्यंत. मी चाकूच्या वर्गात नाव घातलं. आमच्याकडे पातं तयार आणायचं होतं. लोखंड तापवून ठोकणं हा वेगळाच अभ्यास. आणि खरी मेहनत मूठ आणि म्यानातच आहे, असं माझं आता ठाम मत झालंय.

मुठीला तिकडे बर्चचं लाकूड वापरतात. मी सागाचा तुकडा काढला. नौपाड्यातली आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बाबांनी दाराच्या चौकटीचा एक तुकडा ठेवून घेतला होता, त्यातलाच वीतभर. मास्तरांनी तो हुंगला आणि म्हणाले, हे लाकूड तेलकट आहे, चिकटवण्याआधी स्पिरिटने पूस, नाहीतर इपॉक्सी धरणार नाही. शिवाय सागात सिलिका असते, ती हत्यारांची धार खाते. आमच्या सुतारांची रंधा पाजळताना होणारी चिडचिड मला तिथे कळली.

पात्याचं मागचं निमुळतं टोक मुठीच्या आत जातं. मध्ये पितळेची छोटी चकती. तिला त्या टोकाच्या मापाची खाच पाडायची: आधी ओळीने बारीक भोकं, मग सुईसारख्या कानशीने घासणं. जरा घासायचं, घालून बघायचं, उजेडाकडे धरायचं. कडेने प्रकाशाची रेघ दिसली की समजायचं, इथून पाणी शिरणार आणि आतून गंज धरणार. शेवटचा मिलिमीटर लाकडी हातोडीने टकटक करूनच बसला पाहिजे. मुठीला मात्र माप नाही. डोळे मिटून धरायची, टोचेल तिथे घासायची. शेवटी जवसाचं तेल चोळलं आणि वर्षानुवर्षं ऑइलपेंटखाली दडलेल्या रेषा वर आल्या.

म्यानाचं चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं, दोनेक मिलिमीटर जाड. ते पाण्यात भिजवून मऊ करायचं, चाकूला प्लास्टिक गुंडाळायचं आणि त्याच्यावरच शिवायचं. मेण लावलेला दोरा, दोन सुया, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी. वाळलं की चामडं चाकूचा आकार धरून बसतं. निम्मी मूठ आत जाते, म्हणून बटण-बिटण लागत नाही.

मे महिन्यात तो चाकू ठाण्यात आणला, अर्थात चेक-इन बॅगेतून. आईचं पहिलं वाक्य, "हातात देऊ नकोस, खाली ठेव, भांडणं होतात." मग तिने तो कैरीवर चालवून बघितला. साल छान निघाली, कोय मात्र त्याला जमली नाही. "विळीच बरी," म्हणाली. तिचं बरोबर आहे, ज्याचं काम त्यानेच करावं.

स्टेशनजवळ चपला शिवणारे एक काका आहेत. त्यांनी म्यान उलटंसुलटं करून टाके मोजल्यासारखे बघितले. "शिवण मागे घेतलीय, पुढून दिसत नाही. चांगलंय. पण हा लूप एवढा ढिला का?" म्हटलं, बसलं की म्यान बाजूला झुलायला हवं, मांडीत टोचू नये. "मग येऊरच्या बाजूला कोयता आकडीत अडकवतात तसंच की!" आकडी लाकडाची, म्यान चामड्याचं, पण दोन्हीकडे हात मोकळे ठेवून रानात शिरायचंय.

चाकू बाबांकडेच ठेवून आलो. तिकडे पुक्को भेट देणं मानाचं समजतात. पावसाळ्यासाठी सूचना देऊन ठेवल्यात: पातं कार्बन स्टीलचं आहे, पुसून खोबरेल लावायचं आणि म्यानात ठेवायचं नाही, कारण चामडं ओल धरतं, त्याला बुरा येतो आणि पात्याला गंज. बाबांनी त्याला देवघराच्या वरच्या फळीवर जागा दिलीय. कुरिअरचे खोके आले की खाली काढतात.