मालवणात सुरमई सोडून काय काय खाल्लं

कोल्हापूरचा माणूस मासे खायला मालवणला निघाला म्हटलं की घरातनं पहिला प्रश्न येतो, तिकडं मटण मिळतंय का रे. आमच्याकडं मासा म्हणजे घाट चढून बर्फात आलेला, त्याला कांदा-लसूण चटणी लावायची, वर बोटभर तर्री आणायची, मग तो सुरमई होता का रोहू होता हे खाणाऱ्याला कळायचं काही कारणच उरत नाही. यावेळी मात्र मित्राची काकी मालवणात दांडीला राहते तिच्याकडं मुक्काम होता, त्यामुळं हॉटेलच्या थाळ्यांपेक्षा घरचं जास्त खाल्लं आणि हे सगळं लिहावंसं वाटलं.

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरलो, कणकवलीत चहा, कसालला उजवीकडं वळून मालवण. घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते आणि भूक वाढते, हे माझं जुनं निरीक्षण आहे. सिंधुदुर्ग किल्ला बघितला, १६६४ ला काम सुरू करून भर समुद्रात महाराजांनी काय उभं केलंय ते बघून दरवेळी गप्प व्हायला होतं, पण त्यावर लिहिणारे खूप आहेत, मी आपला माशांवर येतो.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा काकी कुठंतरी लग्नाला गेलेल्या, म्हणून बाजारातल्या एका हॉटेलात बसलो. मेनूकार्डावर सुरमई थाळी, पापलेट थाळी, बांगडा थाळी, कोळंबी थाळी. आमच्यातल्या चौघांनी चार वेगवेगळ्या मागवल्या, आणि आल्यावर बघतो तर चारही ताटात वाटीतला रस्सा एकच! तळलेला तुकडा तेवढा वेगळा, तोही सगळा एकाच लाल मसाल्यात घोळवून रव्यात लोळवून भरपूर तेलात सोडलेला. वाईट होतं का, तर अजिबात नाही, सोलकढी तर झकास होती, पण कोल्हापुरात बसून पण हे असंच मिळतं की. हॉटेलवाल्यांचाही इलाज नसतो म्हणा, दुपारी दोनशे पानं उठवायची तर प्रत्येक माशाचं वेगळं वाटण कोण काढत बसणार.

संध्याकाळी काकींना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "बांगडो आणि इसवण एका कढयेत? तेंचा जमता तरी काय!" इसवण म्हणजे आपली सुरमई. तिथून पुढं त्यांच्या स्वयंपाकघरात जे बघितलं त्याचं सार एवढंच की मालवणी माणूस आधी मासा बघतो, मग मसाला ठरवतो. आपण उलटं करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागलेली. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, होडीतून जाळं अर्धगोल टाकत जातात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूनं माणसं ओढत ओढत एकमेकांच्या जवळ सरकत येतात. इंजिन नाही काही नाही, सगळं अंगमेहनतीचं काम, आणि मिळालेल्या मासळीत सगळ्यांचा वाटा. आमच्यातल्या दोघांनी उत्साहानं दोर धरला, पाच मिनिटांत हात सोलले आणि हळूच बाजूला होऊन फोटो काढायला लागले. शेवटी जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा आत बांगडे, पेडवे, सौंदाळे, मूठभर लेपे, एक-दोन खेकडे, आणि बराच प्लॅस्टिकचा कचरा. पलीकडं उभे असलेले एक म्हातारे म्हणाले की पूर्वी हेच जाळं ओढायला गाव कमी पडायचं. पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या जाळ्यानं घेरून मासळीचा अख्खा थवा एकदम उचलणाऱ्या बोटी आणि रात्री एलईडी लावून मारलेली मासळी यावर इथं कुणालाही बोलतं करा, तासभर थांबत नाही. पर्ससीनवर राज्य सरकारनं २०१६ ला निर्बंध आणले, एलईडीवर २०१७ ला केंद्रानं बंदी घातली, तरी रात्री समुद्रात लांबवर दिवे दिसतात असं किनाऱ्यावरची माणसं सांगतात.

रापणीतले बांगडे तिथंच घेतले. काकींनी निवडून घेतले, कल्ला उचलून आतला रंग बघायचा, लालभडक पाहिजे, तपकिरी झाला की ठेवून द्यायचा. डोळा फुगीर आणि चकचकीत. अंगावर बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. अजून एक, ताजा बांगडा आडवा धरला की ताठ राहतो, शिळा शेपटीकडनं लोंबतो.

आता तिखलं. हे नीट लिहितो कारण या ट्रिपमधलं सगळ्यात भारी खाणं हेच. बांगडे साफ करून त्याचे दोन-तीन तुकडे, डोकं टाकायचं नाही. मीठ, हळद लावून बाजूला. लाल सुक्या मिरच्या भिजवलेल्या, थोडे धणे, मूठभरच ओलं खोबरं, हळद, हे सगळं अगदी गंधासारखं बारीक वाटायचं. मग तिरफळं, म्हणजे मसाल्यात वापरतात ती एका झाडाची छोटी सुकी फळं. सुकलेली तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची कारण ती कडू आणि खरखरीत लागते, वरची साल तेवढी जराशी ठेचून थोड्या पाण्यात टाकायची. वाटायची नाहीत! मी विचारलं मिक्सरमधनंच फिरवली तर, तर काकींनी असं बघितलं की पुढचं विचारलं नाही. मातीच्या भांड्यात वाटण, तिरफळं आणि त्यांचं पाणी, कोकमाची चार-पाच सोलं, मीठ, थोडं पाणी, एक उकळी, मग बांगडे सोडायचे. फोडणी नाही. कांदा नाही, लसूण नाही. माझ्यासारख्या कोल्हापुरी माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो. मासे टाकल्यावर चमचा घालायचा नाही, भांडंच दोन्ही हातांनी धरून गोल हलवायचं. "ढवळू नको रे, तुकडे मोडतले," हे आमच्या मित्राला किमान तीनदा ऐकावं लागलं. रस अंगाबरोबर आला की गॅस बंद आणि वरनं कच्चं खोबरेल तेल एक चमचा.

बांगडा तेलकट मासा, त्याला स्वतःचा उग्र वास असतो. तिरफळाचा वास त्याला बरोबर पेलतो, जिभेला किंचित झिणझिण्या येतात, लिंबाच्या सालीसारखा काहीतरी वास नाकात जातो आणि कोकमाचा आंबटपणा तेल कापतो. म्हणूनच हे तिरफळ पापलेटात कुणी घालत नाही, तिथं ते माशाला खाऊन टाकेल. उकड्या तांदळाच्या भाताबरोबर खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तांदळाच्या भाकरीबरोबर, तेव्हा ते आदल्या दिवशीपेक्षा चांगलं होतं. मुरलं की चव वाढते असं हे कालवण आहे, त्यामुळं दोन वेळचं एकदमच करावं.

सुरमईवर माझा राग नाही हां. फक्त ती हॉटेलात जाडजूड कापतात आणि मग बाहेर करपतं, आत पांचट राहतं. काकींनी अर्ध्या बोटाएवढ्या जाडीचे काप काढले, हळद-मीठ-तिखट आणि कोकमाचं आगळ, म्हणजे आंबट घट्ट रस, लावून ठेवले, तांदळाच्या पिठात बारीक रवा मिसळून हलकं घोळवलं आणि लोखंडी तव्यावर थोड्याच तेलात, मंद आचेवर. एकदाच उलटायचं. डोक्याची मात्र कढी केली, भरपूर ओलं खोबरं घातलेली, बांगड्याच्या तिखल्यापेक्षा पातळ आणि सौम्य. खरं सांगू का, त्या तळलेल्या तुकड्यापेक्षा डोक्याच्या कढीवरच आमची भांडणं झाली.

आणि मोरी. मोरी म्हणजे लहान शार्क, आणि इथं मात्र आम्हा मटणवाल्यांचा सन्मान झाला. शार्कच्या अंगात युरिया असतो, मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि तो वास घरभर फिरतो, त्यामुळं मोरी घ्यायची तर आजची आत्ताची. कातडी इतकी खरखरीत की हात फिरवला की पॉलिशपेपरच. गरम पाण्यात बुडवून सुरीनं ती खरवडून काढावी लागते. मसाला पूर्ण वेगळा, सुकं खोबरं आणि कांदा खरपूस भाजून, लसूण, आलं, गरम मसाला, वरनं मालवणी मसाला. थोडक्यात मटणाचंच वाटण. काटे नाहीत, मधला एक मऊ कणा तेवढा, त्यामुळं ज्यांना काट्यांची भीती वाटते त्यांनी सुरुवात इथून करावी. आमच्यातला एक जण जो "मी मासे खात नाही, तुमच्याबरोबर फिरायला येतो" म्हणून आला होता त्यानं मालवणी वड्यांबरोबर मोरी एवढी हाणली की काकी खूश. "झिला, अजून घे, लाजतंस कित्याक!"

देवबागला एक दुपार गेली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. पर्यटक सगळे पॅरासेलिंगच्या बाजूला, आम्ही खाडीच्या बाजूला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात बायका तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढत होत्या, पायानं वाळू चाचपत, लागल्या की वाकून उचलत, कंबरेला बांधलेल्या पिशवीत. त्यांच्याकडनंच घेतल्या. घरी आणून पाण्यात ठेवल्या की आतली वाळू सोडतात, मग विळीवर उघडून मांस असलेली एक शिंपली ठेवायची, रिकामी टाकायची, आणि कांदा, ओलं खोबरं घालून सुकं. तिसऱ्यांचं स्वतःचं पाणीच इतकं खारट असतं की मीठ शेवटी चव बघून घालायचं.

खाडीतलेच मुडदुशे. करंगळीपेक्षा थोडे मोठे, लांबट, चंदेरी. हॉटेलच्या मेनूकार्डावर क्वचित दिसतात आणि इथली माणसं त्याच्यासाठी जीव टाकतात. यांना काय मसाला, तर जवळजवळ काहीच नाही. मीठ, हळद, आगळाचे थेंब, तांदळाच्या पिठाचा हात, तवा. लोण्यासारखं मांस काट्यावरनं आपोआप सुटतं. मिरची पूड लावणाऱ्याला इथं दंड करायला पाहिजे.

बोंबील मागू नका. तो मुंबई-पालघर-गुजरातच्या बाजूचा मासा, वर्सोव्याला नाहीतर सातपाटीला जाऊन खावा, तिकडचे कोळी लोक चिंच घालून त्याचं जे कालवण करतात त्याला तोड नाही. आणि पापलेट मागायचंच असेल तर तळहाताएवढी पिल्लं घेऊ नका. २०२३ ला सरकारनं पापलेटला राज्यमासा केलाय आणि आपण त्याला अंडी घालायच्या आधीच तव्यावर घालतो.

परतीला वेंगुर्ल्यावरून गेलो. वेंगुर्ल्याच्या बाजारात सुकी मासळी बघत अर्धा तास गेला. सुके बांगडे, गोलमो म्हणजे आपला जवळा, सोडे. जून-जुलै मासेमारी बंद, तेव्हा किनाऱ्यावरची घरं यावरच निघतात. सुका बांगडा निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढून कुस्करायचा, त्यात कच्चा कांदा, ओलं खोबरं, तिखट, कोकम आणि कच्चं खोबरेल तेल, झाला किसमूर. गरम पेजेबरोबर सकाळी सकाळी खाल्ला तर दुपारी बारापर्यंत भूक लागत नाही. मी बांगडे आणि गोलमो दोन्ही घेतलं, ड्रायव्हिंग करणाऱ्या मित्रानं डिकीत तीन पिशव्यात गुंडाळून ठेवायच्या अटीवर परवानगी दिली, आणि तरी आंबोली चढेपर्यंत गाडीच्या चारही काचा उघड्या.

आजरा ओलांडून गडहिंग्लजला मुद्दाम थांबलो. निघताना काकींनी एकच काम सांगितलं होतं, संकेश्वरी मिरची. त्या तिखल्याला जो रंग येतो तो याच मिरचीचा, आणि ती आमच्या घाटावरची. हे कळल्यावर छाती जरा फुगलीच. चांगली सुकलेली, देठासकट, दोन किलो घेतली, पुढच्या आठवड्यात एक जण मालवणला जाणार आहे त्याच्याबरोबर पाठवतोय. काकींना फोन केला तर म्हणाल्या, "मिरची पाठयतस ता बरा केलंस, पण तिरफळां कोल्हापुरात गावतत काय रे?" मिळत नाहीत. मग येताना त्याच माणसाबरोबर पावशेर तिरफळं यायची ठरलीयत.