नळी रिकामी नव्हती

तपासणीसाठी आलेल्या नळीवर ‘शुद्ध पॉलिपेप्टाइड, 120 अमिनो आम्ले’ असे, म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब साखळी असे, लिहिलेले होते, पण प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर तिच्या रांगेत एकही पट्टा उमटला नाही. प्रथिनाला चिकटणाऱ्या रंगावरून त्याचे प्रमाण मोजणाऱ्या ब्रॅडफर्ड चाचणीचे उत्तरही जवळजवळ शून्य आले आणि सहकाऱ्याने ‘नमुन्यात प्रथिन नाही’ असा शेरा लिहून टाकला. कोणत्या पद्धतीने पाहिले हे न सांगता शून्य लिहिणे मला अक्षम्य वाटते.

मला खटकले ते 280 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचे शोषण, कारण ते अपेक्षेइतकेच होते. ते मुख्यतः ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांमुळे होते, आणि साखळी अखंड असो वा तुटलेली, त्यात फारसा फरक पडत नाही. याउलट ब्रॅडफर्डमधला रंग सुमारे 3,000 डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) लहान साखळ्यांना जेमतेम धरतो, आणि असे तुकडे नेहमीच्या जेलमध्ये सर्वांत पुढे धावून रंगवताना, धुताना बाहेर निघून जातात.

रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर 13,000 डाल्टनच्या आसपासची मूळ साखळी दिसलीच नाही. दिसली ती बहुतेक 8 ते 20 अमिनो आम्लांची पेप्टाइडे, म्हणजे आखूड साखळ्या, आणि मूळ साखळीच्या शेवटचा तुकडा सोडला तर प्रत्येकाच्या कार्बॉक्सिल टोकाला, म्हणजे साखळी जिथे संपते त्या टोकाला, लायसिन किंवा आर्जिनिन हे अमिनो आम्ल! प्रथिने तोडणारे ट्रिप्सिन हे विकर नेमके तिथेच कापते. प्रत्येक छेदात पाण्याचा एक रेणू, म्हणजे 18 डाल्टन, जोडला जातो. म्हणून तुकड्यांच्या वस्तुमानांची बेरीज करून प्रत्येक छेदामागे 18 वजा केले, आणि आकडा मूळ साखळीशी जुळला. एकही अमिनो आम्ल हरवलेले नव्हते. ही जुळणी मी सहकाऱ्यांना अभिमानाने दाखवली.

अहवालात मी ‘पॉलिपेप्टाइड आढळले नाही, त्याची पेप्टाइडे आढळली’ असे लिहिले. नमुना पाठवणाऱ्या संशोधकांनी फोनवर विचारले, “म्हणजे आमचे प्रथिन आहे की नाही?” क्रम तोच आणि उरलेले बंधही तेच, पण घडी घालून काम करणारी साखळी नाही, एवढेच मी सांगू शकलो. पाठ्यपुस्तके पेप्टाइड आणि त्याहून मोठी साखळी यांच्यातली सीमारेषा कुठे 20, कुठे 50 अमिनो आम्लांवर आखतात. इन्सुलिन 51 अमिनो आम्लांचे, तेही 21 आणि 30 अशा दोन साखळ्यांचे, म्हणून ते त्या रेषेवरच अडखळते. या नमुन्यात आकड्याबद्दल वाद नव्हता. ट्रिप्सिन नळीत कुठून आले, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. त्यांच्याकडे पेशी सुट्या करण्यासाठी ते त्याच टेबलावर वापरतात असे कळले, आणि पुढचा नमुना प्रोटिएज रोधक (ट्रिप्सिनसारख्या विकरांना थांबवणारे द्रव्य) घालूनच पाठवा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.